नेमो आणि नानासाहेब

कोकणातील दशावतारी खेळ पाहणाऱ्या मुलांना कोणते पात्र आवडले असे विचारले, तर विष्णूचे नाव क्वचितच येते. काळ्या पोशाखातला, चेहरा झाकलेला, लांब लाल जीभ लोंबत ठेवणारा संकासुर रंगणात आला, की पेंगुळलेली पोरेही ताठ बसतात. त्याची भीती वाटते आणि तो दिसावासाही वाटतो. रावण, दुर्योधन, कीचक ही सारी याच घराण्यातील मंडळी. त्यांचा पराभव व्हावा अशी प्रेक्षकाची इच्छा असते. तथापि तो पराभव फार लवकर होऊ नये, अशीही त्याची मनोमन इच्छा असते.

विज्ञानकथेच्या युगात या संकासुराने नवा वेष घेतला. १९७७ साली पडद्यावर आलेल्या अमेरिकन अंतराळपटातील डार्थ व्हेडर हा काळा झगा आणि काळा मुखवटा घातलेला योद्धा आज जगाच्या पाठीवर कोठेही ओळखला जातो. जयपूरच्या मानसरोवरसारख्या विस्तीर्ण नव्या वसाहतीत एखाद्या मुलाच्या सदऱ्यावर तो मुखवटा दिसला, तर त्याचे कोणाला नवल वाटणार नाही. त्या मुलाला नायकाचे नाव कदाचित आठवणार नाही, खलनायकाचे आठवेल. परंतु यंत्राच्या आड दुःख दडवून जगाशी वैर धरणाऱ्या या योद्ध्याचा विज्ञानकथेतील एक थोर पूर्वज हिंदुस्थानचा होता, आणि त्याच लेखणीतून उतरलेला दुसरा योद्धा तर मराठी मुलखातला होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्या दोघांची हकीकत एकत्र वाचली म्हणजे खलनायकाच्या आकर्षणाचे मर्म बरेचसे उलगडते.

फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याची समुद्राखालील प्रवासाची कादंबरी १८६९-७० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा स्वामी कॅप्टन नेमो. लॅटिन भाषेत नेमो म्हणजे ‘कोणीही नाही’. आपले नाव, आपला देश, आपली भाषा ही सर्व या पुरुषाने समुद्रात बुडविली आहेत. त्याच्या नॉटिलस या पाणबुडीत बारा हजार ग्रंथांचे ग्रंथालय आहे, चित्रे आहेत, आणि मध्यरात्री तो एकटाच ऑर्गन वाजवीत बसतो. असा विद्वान, रसिक मनुष्य एके दिवशी एका युद्धनौकेच्या पोटात आपली पाणबुडी भोसकतो आणि शेकडो माणसे बुडताना स्थिर नजरेने पाहत राहतो. त्यानंतर तो आपल्या दालनात जातो, भिंतीवरील एका स्त्रीच्या आणि दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकतो आणि रडू लागतो. वाचकाच्या मनात घृणा आणि करुणा यांची जी ओढाताण सुरू होते, ती पुस्तक मिटल्यावरही थांबत नाही.

सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यानजीकचा आणखी एक प्रसंग आहे. मोती काढण्यासाठी बुडी मारलेल्या एका गरीब हिंदी पाणबुड्यावर शार्क चाल करून येतो. नेमो स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला वाचवितो आणि जाताना मोत्यांची एक पिशवी त्याच्या हातावर ठेवतो. हा मनुष्य दलितांच्या देशातला आहे आणि आपणही त्याच देशाचे, असा त्याच्या बोलण्याचा आशय असतो. शेकडोंना बुडविणारा आणि एका अनोळखी मजुरासाठी मृत्यूच्या दाढेत हात घालणारा पुरुष एकच असतो. निव्वळ दुष्ट माणूस लवकर कंटाळवाणा होतो. ज्याच्या दुष्टपणाला एखाद्या जुन्या जखमेचे मूळ आहे आणि ज्याने अधःपातातही स्वतःचा एखादा नियम पाळला आहे, तोच मनात घर करतो.

ही जखम कोणती असावी, यावर लेखक आणि प्रकाशक यांच्यात वाद झाला होता. व्हर्नच्या मनातला नेमो मूळचा पोलंडचा सरदार होता. १८६३ च्या पोलिश उठावात रशियाने त्याच्या कुटुंबाचा संहार केला, अशी ती कल्पना होती. परंतु रशियात पुस्तकांची विक्री चांगली होत असे. तेथील वाचक दुखावतील हे प्रकाशक हेत्झेल याला मानवले नाही. म्हणून पहिल्या कादंबरीत नेमोचा देश अज्ञातच राहिला. पुढे १८७४-७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गूढ बेट’ या अर्थाच्या नावाच्या कादंबरीत मृत्युशय्येवर पडलेल्या नेमोने आपले खरे कूळ सांगितले. तो बुंदेलखंडच्या एका राजाचा पुत्र डक्कर. दहाव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी युरोपात पाठविले, तेथील सर्व विद्या त्याने आत्मसात केल्या, स्वदेशी परतल्यावर १८५७ च्या संग्रामात तो लढला, आणि त्यात त्याचे आईवडील, पत्नी आणि मुले मारली गेली. व्हर्नने त्याला टिपूचा आप्तही करून टाकले आहे. म्हैसूर आणि बुंदेलखंड यांत किती अंतर आहे याची पंचाईत त्याने केली नाही. तथापि ज्या बुंदेलखंडात झाशी आणि काल्पी आहे, जेथे बांद्याच्या गादीवर पहिल्या बाजीरावाचे आणि मस्तानीचे वंशज होते, त्या भूमीचे नाव ऐकताच मराठी वाचकाचे कान टवकारल्यावाचून राहत नाहीत.

येथपर्यंतची कथा पुष्कळांच्या परिचयाची आहे. तिचा उत्तरार्ध मात्र अंधारात राहिला. पाचच वर्षांनी, १८८० साली, व्हर्नने ‘वाफेचे घर’ ही दुसरी कादंबरी पूर्ण केली. लोखंडाचा एक प्रचंड हत्ती वाफेच्या शक्तीने चालतो आणि चाकांवरची दोन घरे ओढीत काही युरोपीय प्रवाशांना हिंदुस्थानभर फिरवितो, अशी तिची योजना. काळ १८६७ चा. कादंबरीचा पडदा उघडतो तो आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबाद शहरात. तेथे एका माणसाला जिवंत वा मृत पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंडांचे बक्षीस जाहीर करणारे पत्रक झळकले आहे, आणि तो माणूस फकिराच्या वेषात गर्दीतूनच ते पाहत आहे. पुढे तो वेरूळच्या लेण्यांत आश्रय घेतो. हा खलपुरुष म्हणजे धोंडोपंत नानासाहेब पेशवे.

या कादंबरीतला नानासाहेब सूडाने आंधळा झालेला आहे. ज्या कर्नल मन्रोची पत्नी कानपूरच्या संहारात नाहीशी झाली, त्याच मन्रोने झाशीच्या राणीचा प्राण घेतला, अशी गुंफण व्हर्नने केली आहे. अर्थात ती सर्वस्वी काल्पनिक आहे. दोघेही एकमेकांच्या रक्तासाठी तहानलेले. शेवटी मन्रो सुटतो आणि त्या यांत्रिक हत्तीच्या स्फोटातच नानासाहेबाचा अंत होतो. इंग्रजांनी केलेल्या क्रूर सूडाची नोंद व्हर्न करतो, परंतु नानासाहेबाच्या अंतःकरणात तो एकदाही डोकावत नाही. त्याच्या भिंतीवर कोणाची तसबीर नाही आणि त्याच्या हाताखाली ऑर्गनही नाही.

दोन्ही योद्धे एकाच लेखकाचे, एकाच संग्रामातून आलेले आणि एकाच सत्तेचे वैरी. मग एकावर जगाने प्रेम का केले आणि दुसरा केवळ राक्षस का ठरला? याचे उत्तर नेमोच्या नावातच आहे. नेमो कोणीही नव्हता. त्याने बुडविलेल्या खलाशांची नावे कोणत्याही वृत्तपत्रात छापून आली नव्हती, त्यांच्यासाठी कोणत्याही चर्चमध्ये प्रार्थना झाली नव्हती. म्हणून त्याचे दुःख ऐकून घ्यायला वाचकाला मोकळीक होती. नानासाहेबाचे नाव मात्र वीस वर्षे युरोपातील घराघरांत शापासारखे उच्चारले जात होते. ज्याचा निवाडा आधीच झालेला आहे, त्याची कैफियत कादंबरीकार सहसा ऐकत नाही.

खऱ्या नानासाहेबांची कैफियत मात्र होती. १८२४ साली कर्जतजवळच्या वेणगावी जन्मलेल्या या मुलाला दुसऱ्या बाजीरावाने १८२७ मध्ये ब्रह्मावर्तास दत्तक घेतले. १८५१ मध्ये बाजीराव वारले आणि आठ लाखांचे वार्षिक निवृत्तिवेतन कंपनीने बंद केले. नानासाहेबांनी १८५३ मध्ये अजीमुल्ला खान याला लंडनला धाडले; तेथेही दाद लागली नाही. १८५७ च्या जूनमध्ये ते कानपूरच्या उठावाचे धनी झाले. २७ जूनला सतीचौरा घाटावर, अभय देऊन नावांत बसविलेल्या इंग्रजांवर गोळ्या सुटल्या. १५ जुलैला बिबीघरात कोंडलेल्या सुमारे दोनशे स्त्रियांची आणि मुलांची कत्तल झाली आणि त्यांची प्रेते विहिरीत टाकण्यात आली. त्या कत्तलीची आज्ञा खुद्द नानासाहेबांची होती काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. जनरल नील याच्या फौजेने अलाहाबादेस त्याआधीच चालविलेला संहार आणि नंतर कानपुरात घेतलेला सूड यांबद्दल मात्र मतभेदाला जागा नाही. परंतु एका बाजूचे क्रौर्य दाखवून दुसऱ्या बाजूची विहीर बुजत नाही. स्वदेशाभिमानाने ती झाकणारा आणि साम्राज्याभिमानाने तेवढीच दाखविणारा, दोघेही सारखेच अर्धे पाहतात.

पराभवानंतरचे युद्ध कसे असते, हे या कथांत क्वचितच दिसते. ते पाहायचे तर पुन्हा जयपूरकडे वळले पाहिजे. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेर पडले. नानासाहेबांचे सेनापती तात्या टोपे उरलेले सैन्य घेऊन राजपुतान्यात शिरले. जयपुरात आपल्याला मिळणारा पक्ष आहे अशी त्यांना आशा होती. परंतु जनरल रॉबर्ट्स नसिराबादेहून निघून त्यांच्या आधी जयपुरास पोचला, आणि महाराजा रामसिंहांचा दरबार तर इंग्रजांच्याच बाजूचा होता. तात्यांना वाट बदलून टोंक गाठावे लागले. आज जयपूरच्या दक्षिण अंगाला मानसरोवर वसले आहे, तेथपर्यंत २०१५ साली मेट्रोही धावू लागली, आणि टोंकला जाणारा रस्ता तेथून फार लांब नाही. त्या वाटेवर वाफेचा हत्ती नव्हता, नॉटिलसही नव्हते. भर पावसाळ्याच्या तोंडाशी थकलेली घोडी, मोजक्या तोफा आणि उघडेल असे वाटत असताना बंद झालेली वेस, एवढेच होते. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस तात्यांना फाशी देण्यात आली. नानासाहेबांचा माग नेपाळच्या तराईत हरपला. १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी एका माणसाला नानासाहेब म्हणून ग्वाल्हेरीत इंग्रजांच्या स्वाधीन केले. तो दुसराच निघाला. त्याच सुमारास तिकडे फ्रान्समध्ये व्हर्नचा नेमो मरता मरता आपण हिंदी असल्याचे सांगत होता.

पुढे या दोघांचा वारसा निरनिराळ्या वाटांनी गेला. १९५४ च्या चित्रपटात जेम्स मेसन याने नेमो रंगविला आणि त्यातले हिंदीपण पुसले गेले. त्याच वर्षी अमेरिकेने आपली पहिली अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी पाण्यात सोडली, तिचे नावही नॉटिलस. १९६७ साली एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत खान नूनियन सिंग हा अतिमानवी योद्धा अवतरला. तो उत्तर हिंदुस्थानातला असावा असा त्यातील एका इतिहासकार पात्राचा तर्क असतो. ही भूमिका मेक्सिकन नट रिकार्डो माँटेलबान याने केली आणि १९८२ च्या चित्रपटात ती अधिकच गाजली. २०१३ मध्ये ती एका इंग्रज नटाकडे गेली. नेमोचे हिंदीपण २००३ मध्ये नसीरुद्दीन शाह यांच्या रूपाने पडद्यावर परत आले, आणि २०२४ च्या ‘नॉटिलस’ मालिकेत शझाद लतीफ याने त्याचे तारुण्य दाखविले. मराठी मुलांना व्हर्नची गोडी लावली ती भा. रा. भागवतांनी. वाफेच्या घरातला नानासाहेब मात्र जवळजवळ विस्मृतीत गेला, कारण ज्याचे अंतरंग लेखकाने दाखविले नाही त्याला पुन्हा जिवंत करण्याची इच्छा कोणाला होत नाही.

मुलांना खलनायक आवडतो म्हणून वडीलधाऱ्यांनी चिंता करण्याचे कारण नाही. काळ्या मुखवट्याआड कोण आहे, असे कुतूहल वाटणे हे न्यायबुद्धीचे पहिले पाऊल आहे. दुसरे पाऊल अधिक अवघड आहे: ज्याचे दुःख समजले त्याचे कृत्य क्षम्य मानायचे नाही, आणि ज्याचे कृत्य निंद्य ठरले त्याचे दुःख खोटे म्हणायचे नाही. नेमोच्या दालनात एका स्त्रीची आणि दोन मुलांची तसबीर आहे. त्याने बुडविलेल्या खलाशांच्या घरीही अशा तसबिरी असतील. कानपूरच्या विहिरीतील माणसांच्या घरी होत्या, आणि अलाहाबादच्या वाटेवर झाडांना लटकविलेल्या माणसांच्या घरी तसबीर काढण्याची ऐपतही नव्हती. खलनायकाची गोष्ट वाचणाऱ्याने ही सगळी माणसे एकाच भिंतीवर लावून पाहिली, तर त्या गोष्टीने आपले काम केले असे म्हणता येईल.