एका आल्प्स गावाचं गायरान

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, वाले प्रांतात, सुमारे 1500 मीटर उंचीवर ट्योर्बेल नावाचं छोटं गाव आहे. काळपट लाकडी घरं, उतारावर शेतांचे तुकडे आणि वर, झाडी संपते तिथून पुढे, उन्हाळी कुरणं. शेतं ज्याची त्याची. कुरण, जंगल, पाण्याचे पाट आणि वाटा साऱ्या गावाच्या.

1483 साली गावकऱ्यांनी कुरणासाठी मंडळ स्थापलं आणि त्याची कलमं लिहून काढली. पुढे 1517 मध्ये एक नियम झाला. या गावाचा सगळा इतिहास मला त्याच नियमावर उभा दिसतो. हिवाळाभर ज्याला जितक्या गायी पोसता येतील, तितक्याच त्यानं उन्हाळ्यात कुरणावर न्यायच्या. बर्फ पडलं की गुरं महिनोन्‌महिने गोठ्यात. त्यांना वैरण हवी, आणि ती उन्हाळ्यातच कापून, वाळवून साठवलेली. ज्याच्या गोठ्यात चार गायींपुरतं गवत, त्यानं पाचवी गाय वर न्यायचीच नाही. नेलीच तर जबर दंड, आणि वसूल करणाऱ्या कारभाऱ्याला त्यातला निम्मा. वर केलेलं चीज हंगामाअखेर ज्यानं जितक्या गायी वर धाडल्या, त्या हिशेबानं वाटलं जाई.

बाहेरच्या माणसानं गावात जमीन घेतली, तरी कुरणावर आणि जंगलावर त्याला हक्क नव्हता. हे कलम कठोर होतं, माणसाला दूर ठेवणारं होतं, हेही सांगायला हवं.

सामाईक कुरण शेवटी उजाडच होतं, असं गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली मांडलं आणि जगानं ते मान्यही केलं. ट्योर्बेलचं कुरण मात्र उजाड झालं नाही. रॉबर्ट नेटिंग या मानववंशशास्त्रज्ञानं ट्योर्बेलची जुनी कागदपत्रं अभ्यासून 1981 मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच अभ्यासाचा आधार एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात घेतला. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

ट्योर्बेलमधली जंगलाची रीत तर मला फारच आवडते. तोडायची झाडं गावचा वनरक्षक खुणा करून ठेवी. घरोघरची माणसं मिळून ती तोडत, ओंडके ओढून आणत आणि त्यांचे सारखे ढीग रचत. मग चिठ्ठ्या टाकत. कोणता ढीग आपल्या वाट्याला येणार, हे रचताना कुणालाच ठाऊक नसे. त्यामुळे एखादा ढीग मुद्दाम लहान ठेवून कुणाचाच फायदा नव्हता.