गिअरबॉक्स उघडताना

1983 ते 2014 या काळात तयार झालेल्या मारुती 800 गाड्या लातूर-नांदेडकडे अजूनही दिसतात. दुसरा गिअर टाकताना कर्रकर्र वाजले, की काही मिस्त्री सांगतात, 'पेटीच बदला!' पण थांबा. क्लच पुरता सुटत नसला तरी गिअर असाच ओरडतो. आधी केबल पाहा. मग पेटीतले तेल स्वच्छ परातीत काढा. पिवळा चुरा दिसला तर पितळी सिंक्रो रिंगा झिजल्या समजा; लोखंडी कपचे निघाले तर दात नि बेअरिंग तपासावे. पेटी उघडल्यावर सुटे भाग निघाले त्याच क्रमाने फळीवर मांडावेत. रिंग गिअरच्या शंकूवर दाबून मधली फट फीलर गेजने मोजावी. अर्ध्या मिलिमीटरहून कमी भरली तर तेवढी रिंग बदलावी. नवी रिंगही अशीच मोजून बसवावी.