अक्षरांची अदलाबदल

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



शब्दकोड्यांची स्पर्धा जाहीर झाली की कागद-पेन्सिली वाटल्या जातात. मग ज्यांचा लिहिण्याचा सराव सुटला आहे, किंवा ज्यांना शाळेचे तोंडच पाहायला मिळाले नाही, त्या हळूच मागच्या सतरंजीवर सरकतात. आज मी कागद न लागणाऱ्या एका खेळाविषयी बोलणार आहे. तो म्हणजे अक्षरांची अदलाबदल.

हा खेळ आपल्याला नवा नाही. वाल्या कोळ्याच्या तोंडी रामनाम येईना, तेव्हा नारदांनी त्याला ‘मरा, मरा’ म्हणायला सांगितले. म्हणता म्हणता त्याचेच ‘राम, राम’ झाले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. अक्षरे दोनच, पण जागा बदलली आणि अर्थ पालटला.

आता स्वयंपाकघरात या. ‘तवा’ उलटा करा, ‘वात’ मिळते. ‘मका’ उलटला की ‘काम’, ‘रवा’ उलटला की ‘वार’, आणि ‘चहा’ उलटला की ‘हाच’! तीन अक्षरांत गंमत अधिक. ‘कमर’ मधून ‘रकम’ निघते आणि ‘गरम’ मधून चक्क ‘मगर’.

नियम मात्र पाळावा. इंग्रजीत स्वर सुटे लिहितात, म्हणून ते कुठेही हलवता येतात. आपला काना, मात्रा, वेलांटी अक्षराला धरून असते. ती त्याच्याबरोबरच जाणार. कुणी म्हणेल, ‘नवरा’ शब्दातून ‘वानर’ निघतो! भगिनींनो, मोह आवरा. ‘रा’चा काना काढून ‘व’ला देता येत नाही. जोडाक्षरही फोडू नये. आपल्या ‘म्हसळा’ या नावात अक्षरे तीनच.

हा नियम जुन्या पंडितांनीही पाळला आहे. गोदाकाठच्या पार्थपूरचे, म्हणजे आजच्या पाथरीचे, सूर्य पंडित यांनी सोळाव्या शतकात ‘रामकृष्णविलोमकाव्य’ हे संस्कृत काव्य रचले. सरळ वाचले तर रामाची कथा, उलट वाचले तर कृष्णाची! तेथेही काना-मात्रेसकट अक्षरेच उलट वाचायची. मुलांचे ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य त्याच जातीचे. घरी उलट म्हणून पाहा.

अक्षर हे आपल्या तोंडून एका दमात निघते, म्हणून ते ओळखायला कान पुरतो. जिला सही करता येत नाही, ती आजीसुद्धा या खेळात पहिली येऊ शकते. इंग्रजी शाळेत जाणारा नातू तिच्यापुढे अडखळेल, आणि त्या निमित्ताने चार मराठी शब्द शिकेल. तेव्हा पुढील हळदीकुंकवाला कागद बाजूला ठेवू या. एकीने शब्द सांगावा, सर्वांनी अक्षरागणिक टाळी द्यावी, आणि जिला उलटा शब्द सुचेल तिने उठून सांगावा. मागची सतरंजी पुढे आणू या.

जाता जाता एक कोडे घालते. अक्षरे दोन. सरळ म्हटली तर मांडवावर चढते, उलट म्हटली तर भजनात धरायचा असतो. उत्तर शेजारणीच्या कानात सांगा!