आजारपणाचा खाडा



हजेरीपटावर 'खाडा' म्हणून एक शब्द असतो. माणूस कामावर आला नाही की खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. तो लग्नाला गेला होता की तापाने फणफणत अंथरुणावर पडला होता, हे हजेरीपट विचारीत नाही. आजारपणाच्या रजेच्या कायद्याने त्याला तेवढे विचारावयास लावले.

याचा आरंभ जर्मनीत झाला. 1883 साली बिस्मार्कच्या कारकीर्दीत तेथे कामगारांचा आजाराचा विमा सक्तीचा झाला. बिस्मार्क काही मजुरांचा कैवारी नव्हता. समाजवाद्यांचा जोर मोडावा, हा त्याचा हेतू. पण आजाराचा भार एकट्यावर न टाकता अनेकांनी थोडाथोडा उचलावा, हे तत्त्व त्यातून रुजले.

आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळावयास 1890 साल उजाडले. ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीचे फळ होय. आजारपणाची पाळी अर्धशतकाने आली. 1944 साली प्रा. बी. पी. अदारकर यांनी आरोग्यविम्याची योजना सरकारास सादर केली. मजूरखाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा समाविष्ट केला गेला.

योजनेची रीत सोपी आहे. थोडी वर्गणी कामगाराची, अधिक मालकाची; 2019 साली हे प्रमाण पाऊण टक्का आणि सव्वातीन टक्के असे ठरले. डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षाकाठी 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम द्यावयाची. पहिले दोन दिवस सामान्यतः वगळावयाचे. 1948 च्या कायद्याचे 73 वे कलम आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. कामगार आजारपणाचा लाभ घेत असता त्याला कामावरून काढू नये, असे ते सांगत होते. बरे होऊन परतल्यावर जागाच गेलेली असेल, तर रजेचा उपयोग काय?

काही दुकानदार म्हणतात, रजा हक्काची झाली की जो तो आजारी पडेल. ढोंगी माणसे असतात, हे आम्हाला मान्य आहे. त्यासाठीच दाखला आहे, आणि 70 टक्क्यांच्या हिशेबात सोंग घेणाराला तोटाच होतो. उलट, खाडा पडेल म्हणून ताप लपवून खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या हातची पोळी आपणच खातो. 2020 च्या साथीने हा धडा पुरेसा शिकविला आहे.

तरीही फार माणसे बाहेर राहिली. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला 8 दिवस पगारी नैमित्तिक रजा दिली, पण आजारपणाची वेगळी रजा दिली नाही. आणि दहांहून कमी नोकरांच्या दुकानांना तीही त्या वेळी लागू केली नाही.

पण दुकानदाराकडे बोट दाखवून आम्हाला सुटता येत नाही. आम्ही नोकरीत असताना आजारपणाची रजा भरपगारी भोगली. त्याच वर्षी आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाई तापामुळे पाच दिवस आल्या नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाच फुल्या पडल्या आणि महिनाअखेर पैसे कापले गेले. बाई काही बोलल्या नाहीत. कापणारे हात आमचेच होते. आमच्याही घरी हजेरीपट होता, हे आम्हाला फार उशिरा कळले.

कायदा त्या भिंतीपर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचो. तोवर आजारपणाचा खाडा न धरणे आपल्या हाती आहे. त्याला कोणाच्या सहीची जरूर नाही. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.