वर्गणी आली, माणूस भेटला नाही



१९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढून विखुरलेल्या समाजाला जोडले. आज मोबाईलमुळे भोर-वेल्ह्यातील निधनाची बातमी मुंबईत क्षणात पोहोचते. हा लाभ मी नाकारत नाही. परंतु मी पडलो बँकेतला कारकून. २०१६ साली यूपीआय आले. आता वर्गणी घरबसल्या जमा होते, पैशाचाही फरक पडत नाही. पूर्वी दारोदार जावे लागे. चहा होई, (कधी बोलणीही खावी लागत!) आणि घरातले सुखदुःख कळे. गेल्या वर्षी एका मुलाने शाळा सोडली. त्या घरची वर्गणी वेळेवर येत होती, म्हणून आम्हांला सहा महिने पत्ताच नव्हता. यंदा वर्गणी घरी जाऊनच घ्यावी, अशी माझी सूचना आहे.