तुमचे काम काय?



आपल्या गावचीच कितीतरी मुले चिकलठाणा-वाळूजच्या कारखान्यांत कामाला आहेत. त्यांतला एखादा सणाला घरी येतो आणि आई म्हणते, "अरे, किती हाका मारायच्या तुला!" वर्षानुवर्षे प्रेसच्या दणदणाटात उभे राहून त्याचे कान बधिर झालेले असतात. दवाखान्यात मात्र तो एवढेच सांगतो, "ऐकू कमी येतं."

इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० सालीच बजावले होते, की रोग्याला त्याचा धंदा विचारा. आपल्याला कोणी विचारले नाही, तर आपणच सांगावे!

सांगून काय होते? राज्य कामगार विमा योजनेसाठी त्याच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया कापला जातो, मालक सव्वातीन रुपये भरतो. साध्या आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, तीही वर्षातून फार तर ९१ दिवस. पण कायमचे अपंगत्व कामामुळेच आले असे ठरले, तर कमाईची शक्ती जितकी घटली त्या मानाने भरपाई आयुष्यभर मिळते. गोंगाटाने येणारा बहिरेपणा आणि दगडाच्या धुळीने जडणारा सिलिकोसिस, दोन्ही कायद्याच्या यादीत आहेत.

तेव्हा असला डॉक्टर शोधत गावभर हिंडू नका. आपल्या विमा दवाखान्यात जा, तेथून चिकलठाण्याच्या विमा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. रोग कामाचाच की नाही, हे पुढे विशेष वैद्यकीय मंडळ ठरवते. सोबत विम्याचे कार्ड आणि एक कागद न्या. कोणते यंत्र, किती वर्षे, रोज किती तास, एवढेच त्यावर असावे.

आणि गुरुजी, तो कागद नीट लिहून देणे आपल्या हातचे आहे.