चिलापीच्या गावात स्वागत

परिषदेचे अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, विद्यापीठांतून आलेले अभ्यासक आणि जाळी वाळत टाकून आलेले माझे मच्छीमार बांधव, भिगवणला आपलं मनापासून स्वागत.

परक्या, आक्रमक प्रजातींवरची परिषद उजनीच्या काठावर का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. गाजरगवत आपल्या देशात पहिल्यांदा नजरेस पडलं १९५५ साली पुण्यात, तेव्हा मान खरा पुण्याचा. पण पुण्याचं सगळं शेवटी वाहत आमच्याच दारात येतं. सांडपाणी येतं, मागोमाग जलपर्णी येते.

चिलापी ही मासळी मात्र वाहत आली नाही, माणसानं आणली. ही मूळची आफ्रिकेची. १९५२ साली मत्स्योत्पादन वाढावं म्हणून ती भारतात आणली आणि १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदीही घातली. बंदीचा कागद काही तिला वाचता येत नव्हता. मादी अंडी तोंडात उबवते, पिल्लंही तोंडातच सांभाळते, वर्षातून अनेकदा. घाण पाण्यात इतर मासे तडफडतात, ही तगते. पण दाटी झाली की तिची वाढ खुंटते. जाळं भरतं, मासा मात्र बोटभर, आणि बोटभर माशाला भाव कोण देणार?

तरी तिला नुसतं खलनायक ठरवू नका. इथल्या कित्येक चुली तिच्यावर पेटतात. आणि आपण ज्यांना ‘आपले’ म्हणतो ते रोहू-कटलासुद्धा भीमेचे नव्हेत, गंगेकडून आणून सोडलेले. परका कोण, हे ठरवताना मी तरी जरा अडखळतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर चालणाऱ्या ‘आयपीबीईएस’च्या २०२३ च्या अहवालात परक्या आक्रमक प्रजातींमुळे जगाचं वर्षाचं नुकसान ४२३ अब्ज डॉलरहून अधिक सांगितलं आहे. एवढ्या मोठ्या आकड्यात जलपर्णीत अडकलेली होडी आणि त्या दिवशीची बुडालेली मजुरी कुठे बसते, ते आमच्या माणसांना समजावून सांगा. म्हणूनच प्रत्येक सत्रात दोन खुर्च्या मच्छीमारांसाठी राखल्या आहेत. त्यांना शेवटी ‘दोन शब्द’ बोलायला लावू नका, आधी बोलू द्या.

दुपारी एकला पंगत आहे. ताटात चिलापीच आहे. न खाणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरी केली आहे.